वाफेचा रकाना

१२ जानेवारी

चिंगे,

वर 'सप्रेम' लिहिणार होते, पण तो शब्द वाचूनच तू कागद केराच्या डब्यात टाकशील. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मला तुझी सही हवी आहे.

आता रागावून घे. रागावून झालं की पुढे वाच.

फोन करत नाही, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं तुला माहीतच आहे. माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. चौदा महिन्यांत चार वेळा ठेवलास, म्हणजे अजून सराव आहे. दुसरं कारण तुला ठाऊक नाही. मला हल्ली एक अख्खं वाक्य सलग बोलता येत नाही. मधेच दम लागतो आणि समोरच्याला वाटतं, बाईला रडू आलं. मला कुणी रडूबाई समजलेलं मी कधी खपवून घेतलं नाही, आता पन्नाशी उलटल्यावर काय खपवून घेणार. कागदावर बरं असतं. पाहिजे तिथे थांबते, खिडकीशी जाऊन उभी राहते, परत येते. या परिच्छेदात तीनदा जाऊन आले.

तर ऐक. नोव्हेंबरात मी फुप्फुसांच्या डॉक्टरकडे गेले होते. कंपनीच्या नाही, बाहेरच्या. तुझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिने फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं, कारखान्यात झिजलेल्या दांड्यांवर आणि रोलरांवर वितळलेल्या निकेलचा थर फवारतात, त्या थराची जाडी मी मोजते. तिने फोटो खाली ठेवला.

"फवारणीच्या खोलीतच बसता?"

"दारात. माझं टेबल दारातच आहे."

मग तिने कागदावर उलट्या झाडासारखं काहीतरी काढलं. श्वासनलिका, तिच्या फांद्या आणि टोकाला बारीक बारीक फुगे. म्हणाली, जाड धूळ नाकात अडते, घशात अडते, खोकल्यातून बाहेर येते. पण धातू वितळवून जोराने फवारला की त्यातून इतके बारीक कण निघतात की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने मावतील. ते कुठेच अडत नाहीत. थेट शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. शरीर त्यांना हाकलायला बघतं, ते हलत नाहीत, त्या भांडणात फुग्यांना सूज येते आणि मग व्रण. व्रण झालेल्या जागी हवा जात नाही. माझ्या फुप्फुसांत अशी बरीच जागा झाली आहे. ती परत मिळत नाही, असंही तिने सांगितलं. गोड बोलून फसवलं नाही, म्हणून मला ती आवडली.

पण हे धातूमुळेच झालं, असं नुसत्या फोटोवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी फुप्फुसाचा तुकडा तपासावा लागतो आणि माझा काढायची तिची तयारी नाही. म्हणाली, तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावरून उठणार नाही. तुझ्या नवऱ्याचा तुकडा मात्र आहे. तो गेला तेव्हा तू परवानगी दिली होतीस, वाटाण्याएवढा काढला होता. इस्पितळात मेणाच्या वडीत ठेवलेला असतो तो. मोठ्या यंत्राखाली धरला की त्यात निकेल आहे की नाही ते दिसेल. बायकोच्या सहीशिवाय ते कपाट उघडत नाहीत. वीस मार्चला सरकारी चौकशी आहे.

फवारणीत अजून आठ जण काम करतात. दांडी रोज फिरते, फवारायची गन रोज चालते.

कागद सोबत जोडला आहे. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे.

तुझी ताई
(हे नातं तुला तोडता येत नाही, सरकारदरबारी तशी सोय नाही.)


३० जानेवारी

चिंगे,

काल तुझ्या लेकीचा फोन आला. "मावशी, आई म्हणते पत्रं पाठवू नकोस, ती वाचत नाही."

मी विचारलं, "मग पाकीट कुणी फोडलं?"

"मी."

"छान. आता स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाच."

पोरगी हसली. हसू दाबायची सवय तिने तुझ्याकडून घेतलेली नाही, बरं झालं. मग हळूच म्हणाली, "आई म्हणते, बाबांना आता शांत राहू दे."

शांत कोण आहे, चिंगे? मृत्यूच्या दाखल्यावर 'न्यूमोनिया' लिहिलंय. आणि कंपनी तोंड वर करून सांगत हिंडतेय की तो सिगारेट ओढायचा. दिवसाला दोन ओढायचा, त्याही लग्नाआधी, त्याही तू पाहिलंस तर फेकून द्यायचा. कारखान्यातल्या आमच्या आख्ख्या शॉपमध्ये त्याला पैलवान म्हणायचे ते काही उगाच नाही. अंगाने काडी, पण दोघांनी उचलायचा रोलर एकटा छातीला लावून आणायचा. असल्या माणसाला सर्दीने अकरा दिवसांत नेलं, हे तुला पटतं? मला पटत नाही. मी गप्प बसणार नाही.

तू शॉपमध्ये कधी आली नाहीस, म्हणून तुला एक गोष्ट सांगायला हवी. आमचा एक शब्द.

पूर्वी जुनी गन होती तेव्हा राखाडी धूळ पडायची. खिडकीत, टेबलावर, माझ्या मायक्रोमीटरच्या पेटीवर. संध्याकाळी झाडून तीन बादल्या भरायच्या. तिला आम्ही धूळ म्हणायचो आणि तिला घाबरायचो. फडकी बांधायचो, पंखा लावायचो. सहा वर्षांपूर्वी नवी गन आली. थर असा गुळगुळीत की मी पहिल्या दिवशी बोट फिरवून म्हटलं, याला मोजू कशाला, याची दृष्ट काढा. माझ्या बोटांना दोन शतांश मिलिमीटरचा फरक नुसता चाचपून कळतो, हे माहीत आहे ना तुला? आणि झाडायला काही नाही. एक बादलीसुद्धा नाही. गनच्या तोंडाशी नुसती निळसर झाक दिसायची आणि हवेत विरून जायची. बंबू म्हणून आमचा उंच कॉम्प्रेसरवाला आहे, तो म्हणाला, "ही तर वाफ आहे." झालं. त्या दिवसापासून ती वाफ.

आता 'वाफ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यावर टॉवेल, समोर गरम पाण्याचं भांडं, आणि मागे उभी राहिलेली आई. वाफेला कोण घाबरतं? थंडीत पोरं तिच्यापाशी हात शेकायला उभी राहायची. कुणाला पडसं झालं की बाकीचे म्हणायचे, जा, वाफ घेऊन ये. आणि तो खरंच जाऊन यायचा, येऊन सांगायचाही की नाक मोकळं झालं.

हसू नकोस. की रडतेस? काहीही कर, पण पान उलट.

माझ्यापुरतं कंपनीने कबुतरांवर खापर फोडलंय. मी खिडकीत दाणे टाकते ना, त्यांच्या विष्ठेने म्हणे फुप्फुसं बिघडतात. बिघडतात हे खरं आहे, मी डॉक्टरला विचारलं. तिने त्याची रक्ततपासणी केली, तसं काही निघालं नाही. कबुतरं निर्दोष सुटली. त्यांना जादा दाणे दिले.

सही कर.

ताई


१५ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी आहे तोवर कागदाला तोटा नाही.

परवा साहेबांनी बोलावलं होतं. मी रजेवर असते, तरी गाडी पाठवली. गाडी पाठवली तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाढून ठेवलंय. खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं.

"ताई, तब्येत काय म्हणते?"

"तब्येत पुष्कळ म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की मी इतकी वर्षं फवारणी विभागात काम केलं, ते काम धूळरहित होतं, आणि माझ्या आजाराचा कामाशी संबंध नाही. खाली सही केली की मला कंपनीची खोली हयातभर राहायला. नाहीतर नियमाप्रमाणे एप्रिलअखेर खाली करायची.

मी म्हटलं, "आणि पैलवान?"

"त्यांचा विषय वेगळा आहे. त्यांच्या घरच्यांची काही तक्रार नाही."

बघ. तुझ्या गप्प बसण्याचा त्यांनी केवढा उपयोग करून घेतला.

मग साहेबांनी खणातून एक गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "हे अक्षर ओळखता?"

ओळखणार नाही? माझंच होतं. आणि इथे मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी पहिल्या दोन पत्रांत शिताफीने टाळली.

दरवर्षी आरोग्य तपासणीचे अर्ज येतात. सातव्या रकान्यात प्रश्न असतो, 'धुळीत काम करता का?' आमच्या पोरांचे हात कामात, अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून सगळे अर्ज मी भरायचे. ताईचं अक्षर मोत्यासारखं, ताई भरेल. मी दारातून ओरडायचे, "धूळ?" आतून उत्तर यायचं, "कसली धूळ, ताई!" मी लिहायचे, नाही. खरंच नव्हती ना धूळ. वाफ होती. वाफेचा रकाना अर्जात नव्हता. आठ जण, सहा वर्षं, अठ्ठेचाळीस अर्ज. त्यातले पाच तुझ्या नवऱ्याचे, सहावा त्याच्या जागी आलेल्या पोराचा. सगळ्यांवर माझ्या मोत्यांसारख्या अक्षरात 'नाही'.

पुढचं ऐक. चार वर्षांपूर्वी हवा बाहेर ओढणाऱ्या पंख्याचा पट्टा तुटला. मी तीनदा लेखी मागणी केली. तिन्ही वेळा नकार आला, कारण नाही. परवा साहेबांनी कारण दाखवलं. फाइलवर शेरा होता, 'कामगारांनीच धूळ नसल्याचे लिहून दिले आहे, पंख्याची आवश्यकता नाही.' म्हणजे पंखा मागणारं अक्षर माझं आणि तो नाकारायला पुरावा पुरवणारंही माझंच.

मी फाइल आणि अर्ज शेजारी ठेवून पुन्हा वाचत राहिले. साहेबांना वाटलं, पडली बाई. पेन पुढे केलं.

मी पेन घेतलं. त्यांच्या कागदात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, 'धूळरहित' ऱ्हस्व लिहिलं होतं, त्या दुरुस्त केल्या आणि सही न करता कागद परत दिला. म्हटलं, चुकीचं लिहून देण्याचा माझा कोटा संपला आहे.

एप्रिलअखेर खोली खाली करायची आहे. करीन.

ताई


३ मार्च

चिंगे,

तुझा प्रश्न मिळाला. लेकीने फोनवर वाचून दाखवला. पंधरा-सोळा महिन्यांनी तुझं एक वाक्य, आणि तेही असं: 'त्या दिवशी डॉक्टरांना तू काय सांगितलंस?'

मला वाटत होतं तुला तो प्रसंग आठवत नसेल. खोटं लिहिलं. मला वाटत होतं की तुला तो आठवू नये.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्याला मुखवट्यातून ऑक्सिजन लावला होता. मोठे डॉक्टर आले, तुला म्हणाले, यांचं काम धुळीचं, धुराचं आहे का? तू म्हणालीस, मला नाही माहीत, ताईला विचारा, ताई तिथेच असते. ते माझ्याकडे वळले. आणि मी म्हटलं, "छे. आमची खोली आरशासारखी स्वच्छ आहे."

अभिमानाने म्हटलं, चिंगे. मला अजून आठवतं, मान ताठ करून म्हटलं. त्यांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी खोडलं आणि गेले. त्यानंतर जे उपचार झाले ते न्यूमोनियाचे. मी माझ्या डॉक्टरला विचारलं की मी 'हो' म्हटलं असतं तर तो वाचला असता का. ती म्हणाली, बहुतेक नाही, इतका मारा एका वेळी झाल्यावर फारसं काही हातात राहत नाही. 'बहुतेक' म्हणाली. मी तिला पुन्हा विचारलं नाही, कारण तो 'बहुतेक' तिने काढून टाकला असता तर मला ते खरं वाटलं नसतं.

एका वेळी कसला मारा, तेही सांगते. हे कुणालाच ठाऊक नाही. तुला नाही, चौकशी समितीला नाही.

तो आजारी पडला त्याच्या आदल्या दिवशी एक मोठं पोकळ सिलिंडर आलं होतं, आतल्या बाजूने थर चढवायचा. घाईचं काम. डोकं आणि खांदे आत घालून उभं राहायचं, दीड तास. पंखा बंद, सिलिंडरला दुसरीकडून वाट नाही. त्याला सर्दी झाली होती. तोंडावरची जाळी घामाने ओली झाली, त्याने ती काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "ताई, हिच्यातून श्वास येत नाही."

मी त्याला म्हणायला हवं होतं, थांब. काम उद्या कर.

मी म्हटलं, "राहू दे की. आयती वाफ मिळेल, सर्दी पळेल."

तो हसला. माझ्या फालतू विनोदांना तो नेहमीच हसायचा, तू हसायची नाहीस म्हणून तो जास्त हसायचा. आणि आत गेला.

हे वाचून तू सही करणार नाहीस, असं मला वाटतं. करू नकोस असंही एकदा मनात आलं, कारण मग हे सगळं तुझ्या-माझ्यात राहील. पण ते मला पाहिजे म्हणून खोलीतल्या आठ जणांनी का मरावं? मी समितीपुढे हे सगळं सांगणार आहे. सही आली तर पुराव्यानिशी, नाही आली तर नुसत्या तोंडाने.

माझ्यावर राग धर. तुझा हक्क आहे तो, मी काढून घेणार नाही. पण तो राग कंपनीच्या कामी येऊ देऊ नकोस.

ताई


२१ मार्च

चिंगे,

काल चौकशी झाली. तुझी सही नव्हती. तुझी लेक होती, शेवटच्या रांगेत, भिंतीला चिकटून. मी पाहिलं नाही असं तिला वाटतंय, वाटू दे.

तीन जणांची समिती. मधल्या खुर्चीवर एक बाई, चष्मा नाकावर, कमी बोलणाऱ्या. कंपनीचे वकील पुष्कळ बोलणारे. त्यांनी अठ्ठेचाळीस अर्ज टेबलावर पसरले, अगदी पत्त्यांचा डाव मांडल्यासारखे. मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. सगळे."

"म्हणजे अठ्ठेचाळीस वेळा तुम्ही खोटं लिहिलंत?"

"अठ्ठेचाळीस वेळा चुकीचं लिहिलं. खोटं आणि चुकीचं यांतला फरक तुमच्या धंद्यात माहीत असायला हवा."

मागे कुणीतरी हसलं. मग मी सांगायला सुरुवात केली. वाफेचं, पंख्याचं, इस्पितळातल्या उत्तराचं. सिलिंडरचंही. मी त्याला काय म्हटलं, तेही जसंच्या तसं. सांगताना सात-आठदा थांबावं लागलं. वकील म्हणाले, साक्षीदाराला त्रास होतोय, थांबवू या. मी म्हटलं, "साक्षीदाराला दम लागलाय. तुम्ही बसा, मी पोचते." त्या बाईंनी खोली शांत केली आणि वाट पाहिली. एका वाक्यासाठी इतका वेळ कुणी माझी वाट पाहिली नव्हती.

मग वकिलांनी आमच्या पोरांना उभं केलं. काकांना आधी. काका म्हणजे लेथवाले, फवारलेला थर घासून मापात आणतात, शॉपमधले सगळ्यात जुने. वकिलांनी विचारलं, "धुळीत काम करता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. बिचारा खरा माणूस. म्हणाले, "नाही."

बंबूला विचारलं. "नाही." तिसऱ्याला विचारलं. "नाही." वकिलांचा चेहरा असा फुलला, की लग्न ठरलं जणू.

आणि मला इतका राग आला. त्यांचा नाही, त्या शब्दाचा. मी उठून उभी राहिले. "बाई, यांना धूळ विचारू नका. वाफ विचारा."

वकील म्हणाले, याला काही अर्थ नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि काकांना विचारलं, "वाफेत काम करता?"

"हो, रोज," काका म्हणाले.

"किती वेळ?"

"आठ तास. पंखा बंद पडल्यापासून ती खोलीतच फिरते."

"तिचा वास येतो?"

"येतो. जिभेवर पैसा ठेवल्यासारखी चव लागते. संध्याकाळी रुमाल काळा निघतो."

वकील म्हणाले, वाफ म्हणजे पाण्याची वाफ. काका म्हणाले, "साहेब, आम्ही गनमध्ये पाणी घालत नाही, निकेलची तार घालतो."

मग बाईंनी एकेकाला विचारलं. बंबू, हो. त्याच्या शेजारचा, हो. आठही जण, हो. बंबू तर खाली बसता बसता म्हणाला, "तो शब्द मी काढला होता, बाई. मला वाटलं, छान आहे." त्याचा आवाज फाटला. त्या धिप्पाड माणसाला मी पहिल्यांदा तसं पाहिलं.

बाई मला शेवटी म्हणाल्या, शब्द मी नोंदवून घेतला आहे, पण नुसत्या शब्दावर फवारणीच्या खोलीला कुलूप लावता येत नाही. पुरावा द्या. एक महिना दिला आहे.

तुला मी आता काही सांगत नाही. सांगून झालं.

ताई


१९ एप्रिल

चिंगे,

तुझा कागद २८ मार्चला आला. सही माझ्या पेन्सिलीच्या फुलीवर नाही, मुद्दाम दोन बोटं बाजूला. ओळखलं मी. आणि मागे लिहिलेलं वाचलं: 'सही केली. आता पत्रं बंद.'

मी तीन आठवडे पाळलं. माझ्यासाठी हा विक्रम आहे. पण अहवाल काल आला आणि तो तुला कंपनीच्या किंवा वर्तमानपत्राच्या तोंडून कळावा, हे मला मंजूर नाही. म्हणून हे एकच.

त्याच्या फुप्फुसात निकेल सापडलं. पुष्कळ. यंत्राखालचा फोटो डॉक्टरने मला दाखवला. फुग्यांच्या भिंतींत काळे ठिपके, आणि त्यांना गिळायला गेलेल्या पेशी तिथेच मेलेल्या. अहवालात लिहिलंय की श्वासावाटे गेलेले अतिसूक्ष्म धातुकण, आणि मृत्यूचं कारण तेच. न्यूमोनिया नाही. सिगारेट नाही. सर्दीसुद्धा नाही. तो दाखला आता बदलता येईल. त्यासाठी पुन्हा तुझीच सही लागेल, मी फुली करणार नाही.

आज सकाळी फवारणीच्या खोलीला कुलूप लागलं. समितीच्या बाई स्वतः आल्या होत्या. कंपनी वर दाद मागणार आहे, मागू दे. नवीन पंखा, नवीन हवेची नळी आणि नीट बसणाऱ्या जाळ्या येईपर्यंत गन चालणार नाही. यंदाचे आरोग्याचे अर्ज पोरांनी स्वतःच्या हाताने भरले. काकांनी पट्टीने सातव्याच्या खाली एक नवा रकाना आखला आणि त्यात 'वाफ' असं लिहून पुढे 'होय' लिहिलं. अक्षर कोंबडीचे पायच. मी काही दुरुस्त केलं नाही. आठही जणांचे फोटो काढायला घेतले आहेत. बंबूचा चांगला निघाला नाही. काकांचा निघाला. माझं काय ते तुला माहीत आहे, त्यात बदल नाही, बदल होणारही नाही. किती वर्षं, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. मी जेवढी मोजली तेवढी मापं पुरे झाली.

कंपनीची राहायची खोली मी सोडली. काकांच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली पाहिली आहे. तेव्हा घाबरू नकोस, मी तुझ्या गळ्यात पडायला येत नाही.

पण मी येते आहे. मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास. तू पत्रं बंद म्हणालीस, पाय बंद म्हणाली नाहीस. अहवाल तुझ्या हातात द्यायचा आहे. आणि सिलिंडरच्या दिवशी मी त्याला जे म्हटलं ते तुझ्यासमोर उभं राहून सांगायचं आहे. कागदावर लिहिणं सोपं होतं. समितीपुढेही सोपं होतं, ते माझे कुणी नव्हते. ते सांगून झाल्यावर तू मला जे म्हणशील ते मी ऐकून घेईन, मधे बोलणार नाही. तेवढा श्वास तसाही शिल्लक नसेल.

लेकीला खाली घ्यायला पाठवू नकोस. तिने परस्पर विचारलं होतं, मी नको सांगितलंय, मला माझी मी यायचं आहे. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरने जिने चढायला मनाई केली आहे. मी तिला म्हटलं, एक जिना सोडून बाकीचे सगळे ऐकीन. दर सहा पायऱ्यांना थांबावं लागेल, मधल्या मजल्यावर बसावंही लागेल. हिशेब केला तर वर पोचायला मला अर्धा तास लागतो.

खालचं दार वाजलेलं तुझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. ते वाजलं की समज, मी जिन्यात आहे. तुझं दार उघडायचं की नाही, हे ठरवायला तुला अर्धा तास आहे.

ताई